डिस्प्ले गेला म्हणजे नेमके काय गेले?

शंकेखोर : जुन्या लॅपटॉपचा डिस्प्ले गेला की करण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात, पॅनल बदलणे नाहीतर लॅपटॉपच बदलणे. बिघाड शोधत बसणे हा तिसरा मार्ग हौशी लोकांचा. यंत्र आठ-दहा वर्षांचे, त्याचे सुटे भाग कंपनीकडून मिळणे कधीच थांबलेले, आणि त्यावर चालणाऱ्या विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला. यावलसारख्या तालुक्याच्या गावी हवे ते पॅनल हातोहात मिळेलच असे नाही. मग तापी ओलांडून भुसावळ, तिथे नसले तर जळगावचे गोलाणी मार्केट, तिथेही नसले तर ऑनलाइन. साध्या १५.६ इंची पॅनलला तीन-चार हजार सहज जातात, मजुरी निराळी. आणि एवढे करून बिघाड पॅनलमध्ये नव्हताच असे निघाले, तर पॅकिंग फोडलेला माल कोणी परत घेत नाही.

खटपट्या : हे शेवटचे वाक्यच शोधाच्या बाजूने बोलते. पॅनल फुकट जाण्याची भीती असेल तर पैसे मोजण्याआधी बिघाड कुठे आहे ते कळायला हवे. ‘डिस्प्ले गेला’ हे एका बिघाडाचे नाव नाही. चित्र मदरबोर्डवरच्या ग्राफिक्स चिपमध्ये तयार होते. तिथून ते एका बारीक केबलने बिजागरीजवळून झाकणात चढते, पॅनलच्या कडेच्या सर्किटपट्टीवर पोचते आणि तिथून काचेतल्या उभ्या-आडव्या ओळींत वाटले जाते. काचेला स्वतःचा उजेड नसतो. तो मागून येतो, आणि या बॅकलाइटची वीज वेगळ्या वाटेने येते. या साखळीची कोणतीही कडी तुटली तरी मालक दुकानात येऊन एकच वाक्य सांगतो, आणि दुकानदार चिठ्ठीवर ‘नो डिस्प्ले’ लिहून लॅपटॉप फळीवर ठेवतो. पण प्रत्येक कडी आपापल्या खुणा सोडते. पहिली परीक्षा बिनपैशाची आहे : लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडावा. नव्या यंत्राला एचडीएमआय असते, जुन्याला पंधरा पिनांचे निळे व्हीजीए. बऱ्याच जुन्या एलसीडी टीव्हींना मागे तसे भोक असते. टीव्हीवर स्वच्छ चित्र आले तर चिप, रॅम, मदरबोर्ड यांच्यावरचा संशय बराचसा उतरतो आणि तपास केबल, पॅनल व बॅकलाइट यांच्यापुरता उरतो. जी रेघ लॅपटॉपवर आहे तीच टीव्हीवरही दिसली, तर नवे पॅनल आणण्यात अर्थ नाही.

शंकेखोर : ही परीक्षा सांगायला सोपी आहे. टीव्हीवर काहीच आले नाही तर? कित्येक यंत्रे विंडोज पूर्ण सुरू होईपर्यंत बाहेरच्या पडद्याकडे चित्र पाठवत नाहीत. काहींत कीबोर्डवरची खास जोडी दाबावी लागते, आणि ती दाबली की नाही हे काळ्या पडद्यावर कळत नाही. टीव्हीची केबल खराब असू शकते, टीव्हीचा इनपुट चुकीचा लावलेला असू शकतो. ‘टीव्हीवर आले नाही, म्हणजे बोर्ड गेला’ असा निकाल देऊन चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत. उलट टीव्हीवर चित्र आले तरी बोर्ड निर्दोष ठरत नाही. पॅनलकडे जाणारा जोड, त्याचा फ्यूज, बॅकलाइटला वीज देणारा भाग हे सगळे बोर्डवरच असते, आणि टीव्हीच्या वाटेत त्यातले काहीच येत नाही.

खटपट्या : आक्षेप बरोबर आहे, म्हणून एका परीक्षेवर निकाल द्यायचा नसतो. टीव्हीवर चित्र ‘आले’ याला वजन आहे, ‘आले नाही’ याला फारसे नाही. काळ्या पडद्याच्या बाबतीत दुसरी परीक्षा अधिक बोलकी आहे. खोलीत अंधार करावा, लॅपटॉप चालू करून विंडोज उघडण्याइतका वेळ द्यावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरावा. फिकट राखाडी आयकॉन दिसले, माउस हलवल्यावर बाण सरकताना दिसला, तर चित्र काचेपर्यंत पोचले आहे. उजेड तेवढा गेला आहे. साधारण २०१० च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपांत हा उजेड पडद्याच्या कडेला बसवलेल्या, काडीएवढ्या जाडीच्या काचेच्या नळीतून येतो. तिला शेकडो व्होल्ट लागतात आणि ते देणारी बोटभर लांबीची पट्टी म्हणजे इन्व्हर्टर. भारनियमनात घरातला पंखा चालवणारा तो इन्व्हर्टर हा नव्हे. नळी म्हातारी झाली की चालू करताना पडदा गुलाबी-लालसर दिसतो, मग हळूहळू पांढरा होतो. पुढे काही सेकंदांत विझायला लागतो. ही खूण आधी कित्येक महिने दिसत असते. अशा यंत्रात इन्व्हर्टर बदलून काम भागू शकते. मात्र चालू इन्व्हर्टरला बोट लावायचे नाही, आणि नळीत पारा असल्याने ती फोडायची नाही. त्यानंतरच्या पॅनलमध्ये नळीच्या जागी एलईडींची पट्टी आली. तिथे आधी तपासायचा तो बोर्डवरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज.

शंकेखोर : हा फ्यूज उडतो कशाने, हेही सांगावे. बऱ्याच वेळा तो शोध घेणाऱ्याच्याच हातून उडतो. बॅटरी न काढता डिस्प्लेची केबल उपसली किंवा तिरकी खोचली, की बॅकलाइटच्या पिनेवरची बॅटरीची पूर्ण वीज शेजारच्या पिनेला भिडते. फ्यूज उडाला तर नशीब चांगले; पॅनलची पट्टी किंवा चिपच गेली तर लहान बिघाडाचा मोठा झाला. घरच्या घरी खोलून पाहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा धोका पहिल्या ओळीत सांगायला हवा.

खटपट्या : सांगितलाच पाहिजे. चार्जर काढावा, बॅटरी काढावी, ती आत बसवलेली असेल तर तिचा जोड सोडवावा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून उरलीसुरली वीज जिरवावी, मगच केबलला हात लावावा. गंमत अशी की नेमक्या एवढ्यानेच काही काळे पडदे उजळतात, खोलण्याची वेळच येत नाही. तसाच दुसरा फुकटचा उपाय रॅमचा. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळा आणि टीव्हीही काळा, अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतले खोडरबर फिरवावे, चुरा झटकावा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. खान्देशातली काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगच्या भागात उडणारी कापसाची तूस पंख्यातून आत जाते, आणि पावसाळ्यात तिला दमट हवा लागली की हे दात हळूहळू काळवंडतात.

शंकेखोर : इथेच मूळ अडचण आहे. बॅटरी काढली, रॅम काढली, खोडरबर फिरवले, केबल दाबली, झाकण दोनदा उघडमीट केले आणि पडदा उजळला. कशाने उजळला? रॅमने? केबल हलल्याने? की तासभर बंद राहून यंत्र गार झाले म्हणून? जुन्या यंत्राचा बिघाड बहुधा येऊन-जाऊन असतो. सकाळी चालतो, दुपारी जातो. दुकानात चालतो, घरी जातो. मालक लॅपटॉप घेऊन भुसावळला जातो आणि तिथे टेबलावर ठेवताच तो सुरळीत चालतो, हा अनुभव नवा नाही. शोध घेणारा मात्र शेवटी जे केले त्यालाच श्रेय देतो आणि ‘झाले’ म्हणून मोकळा होतो. ‘चालू झाला’ आणि ‘दुरुस्त झाला’ यांत फरक आहे, आणि या धंद्यात तो फरक सोयीस्करपणे पुसला जातो.

खटपट्या : फरक खरा आहे. पण तो पुसला जातो तो शोधामुळे नव्हे, घाईमुळे. उपाय जुनाच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बरे झाल्यावर बिघाड मुद्दाम परत आणून पाहायचा. रॅम पुसल्यावर चालले ना, मग ती तशीच ठेवून झाकण हळूहळू हलवावे. झाकण एका ठरावीक कोनात आले की पडदा लुकलुकतो, त्याहून मागे नेले की स्थिर होतो, असे दहा वेळा केले आणि दहाही वेळा तसेच झाले, तर रॅम पुसण्याचा याच्याशी संबंध नव्हता. दोष बिजागरीजवळच्या केबलमध्ये आहे. रोज उघडमीट होताना ती केबल तिथेच वाकते. हा दोष स्वस्त यंत्रांचाच असतो असेही नाही. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये बिजागरीवरून जाणारी चपटी केबल तोकडी पडत होती. झाकण जास्त उघडले की पडद्याच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचासारखे उजेडाचे उभे झोत पडत, पुढे बॅकलाइटच जाई. २०१८ च्या यंत्रांत ती केबल सुमारे २ मिलिमीटरने लांब निघाली, आणि मे २०१९ मध्ये कंपनीने त्या जुन्या यंत्रांसाठी फुकट दुरुस्ती जाहीर केली. दोन मिलिमीटरचा दोष कोनाच्या परीक्षेत पकडता येतो. पॅनल बदलून पकडता येत नाही.

शंकेखोर : केबल पकडता येते, कारण ती हलते. ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांचे काय? पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच रंगीत उभी रेघ आली, ती झाकण हलवून जात नाही आणि टीव्हीवर दिसत नाही. म्हणजे दोष पॅनलचाच. शोध पूर्ण झाला, पण हाती काय आले? काचेच्या कडेला चिकटवलेल्या लवचीक पट्टीतला एक धागा सुटला आहे, हे ज्ञान. तो परत चिकटवायला ठरावीक तापमानाला ठरावीक दाब देणारे यंत्र लागते, आणि एका जुन्या लॅपटॉपसाठी ते कोणी चालवत नाही. पडद्याची चौकट बोटाने दाबली की रेघ जाते, मग लोक आत कागदाची घडी खोचतात. कागद महिनाभर टिकतो.

खटपट्या : रेघेपुरते मान्य. तिथे निदान झाले की पॅनल बदलायचे किंवा रेघ सोसायची. एका कडेच्या एका रेघेने कोणाचा हिशेब अडत नाही. केळीच्या ट्रकची पावती तिच्यासकटही निघते. पॅनल बदलायचेच ठरले तर ते लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नये. जुने पॅनल खोलून मागच्या स्टिकरवरचा नंबर पाहावा, जोड ३० पिनांचा आहे की ४० पिनांचा, तो डावीकडे की उजवीकडे, स्क्रूचे कान वर-खाली आहेत की बाजूला, हे सगळे जुळवावे. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन प्रकारची पॅनल लावतात. बरेचदा पॅनल फुकट जाते ते या आळसामुळे.

शंकेखोर : आता उरली ग्राफिक्स चिप. दुरुस्तीच्या नावाखाली सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. पडद्यावर चौकोनी ठिपके, रंगांचे पट्टे, टीव्हीवरही तेच. किंवा दोन्हीकडे संपूर्ण काळे. दुकानदार सांगतो, चिपखालचे डाख सुटले आहेत, हीट मारून देतो, नाहीतर रिबॉलिंग करून, म्हणजे चिपखालचे डाखाचे गोळे नवे घालून देतो. गरम हवेचा झोत चिपवर सोडला जातो आणि लॅपटॉप खरोखर चालू होतो. मालक खूश. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, परत तोच काळा पडदा. याची एक मोठी जाहीर गोष्ट आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले, की लॅपटॉपसाठी दिलेल्या काही चिपा वेष्टनातल्या कच्च्या मालामुळे निकामी होत आहेत, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. डेल, एचपी यांनी अशा यंत्रांची हमी वाढवली, ॲपलने आपल्या यंत्रांची फुकट दुरुस्ती केली, अमेरिकेत खटला होऊन २०१० मध्ये तडजोड झाली. त्या चिपांत तडा जात होता तो चिपच्या आतल्या, सिलिकॉन आणि त्याची बैठक यांमधल्या बारीक डाखांना. बोर्ड आणि चिप यांमधल्या मोठ्या गोळ्यांना नव्हे. म्हणजे खालचे गोळे कितीही नवे घातले तरी मूळ दोष जागेवरच. तापवल्याने आतली भेग तात्पुरती मिटते, एवढेच.

खटपट्या : हीट मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे दुरुस्तीची बाजू घेणाऱ्यांनीच आधी कबूल करावे. त्या चिपांना खरा इलाज एकच होता, सुधारलेली नवी चिप बसवणे. तरीही दोन गोष्टी सुटायला नकोत. पहिली, प्रत्येक ग्राफिक्सचा बिघाड त्या जातीचा नसतो. चिप आणि बोर्ड यांमधला डाख खरोखर सुटलेला असला तर रिबॉलिंग टिकते. फक्त बाहेरून पाहून कोणता डाख सुटला ते कळत नाही. दुसरी, हे डाख सुटतात ते तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी, आणि तो ताण कमी करणे मालकाच्या हातात आहे. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी हवेचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस लिहितात. यावल-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखाली, गादीवर ठेवून, हवेची भोके बुजलेल्या स्थितीत यंत्र चालवले तर चिपला काय सोसावे लागते ते उघड आहे. दर वर्षी उन्हाळ्याआधी पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलणे हे ग्राफिक्स चिपच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

शंकेखोर : उन्हाळ्याआधी पंखा साफ करणारा मालक असता तर हा संवाद झाला नसता. आणि पैशाचा प्रश्न अजून तसाच आहे. शोधाची मजुरी कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. अर्धा दिवस घालवून कारागिराने सांगितले की रॅमचे दात मळले होते, तर गिऱ्हाईक शंभर रुपये देतानाही कुरकुरते. तोच कारागीर दहा मिनिटांत पॅनल बदलून देतो तेव्हा मात्र हजारांत पैसे निघतात. मग त्याने शोध का घ्यावा? दुरुस्तीचा हक्क म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू केले, तिथे कंपन्यांची सेवा केंद्रे, हमीच्या अटी असे एकत्र मिळते. पण दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डचा नकाशा तालुक्याच्या कारागिराला कंपनी आजही देत नाही. कारागीर तो कुठूनतरी मिळवतो आणि अंदाजाने चालवतो.

खटपट्या : म्हणून शोधाचे पैसे वेगळे ठरवावेत, दुरुस्ती होवो न होवो. हे रूढ नाही, पण याशिवाय कारागिराचे हित आणि गिऱ्हाइकाचे हित एका बाजूला येत नाही. शोधाचा शेवट दुरुस्तीतच व्हायला हवा असेही नाही. टीव्हीवर चित्र येते, पॅनल गेले आहे आणि खर्च परवडत नाही, असे असेल तर त्या लॅपटॉपला जुना मॉनिटर कायमचा जोडून टेबलावरचा संगणक म्हणून वापरता येते. विंडोज १० पुढे नको असेल तर लिनक्स बसते. दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला किंवा टंकलेखन शिकणाऱ्या मुलाला त्यात काही कमी पडत नाही. आणि बोर्डच गेला असे ठरले, तर निदान हार्ड डिस्क काढून तिच्यातली माहिती वाचवता येते. निदान न करता लॅपटॉप भंगारात घालणाऱ्याचे फोटो आणि हिशेबही त्याबरोबर जातात, कधीकधी भलत्याच्या हाती.

शंकेखोर : माहिती वाचवण्यापुरता शोध मान्य. टीव्हीची, टॉर्चची आणि झाकणाच्या कोनाची परीक्षाही मान्य. त्यांना पैसे लागत नाहीत आणि त्या यंत्राला इजा करत नाहीत. पण यंत्र खोलल्यापासून पुढे प्रत्येक पायरीला निष्कर्षाची खात्री कमी होते आणि नवा बिघाड करण्याची शक्यता वाढते. कुठे थांबायचे हे यंत्र सांगत नाही, ते मालकाच्या गरजेवर ठरते. ज्याचे रोजचे पोट त्या लॅपटॉपवर आहे त्याने येऊन-जाऊन बिघाडाच्या मागे लागू नये, दुसरे यंत्र पाहावे.

खटपट्या : ज्याच्याकडे दुसऱ्या यंत्राचे पैसे नाहीत त्यालाच तो बिघाड शोधावा लागतो, आणि यावल तालुक्यात अशांचीच संख्या जास्त. त्याला ‘थांबा’ सांगणे सोपे आहे, पर्याय देणे अवघड. दोघांनाही लागू पडेल अशी एकच मागणी करता येते. दुकानातून लॅपटॉप परत घेताना पावतीवर ‘डिस्प्ले रिपेअर’ एवढ्यावर समाधान मानू नये. आधी काय दिसत होते, कोणत्या परीक्षा केल्या, काय बदलले, काय पुसले आणि काय नुसते तापवले, हे कारागिराकडून लिहून घ्यावे, आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.